थायलंडचे पोलीस, शेजारचे इंग्रज काका आणि घरचे डबे

वाचकाचं पत्र, थोडक्यात

आम्ही मूळचे नाशिकचे. ह्यांना थायलंडमध्ये श्रीराचाजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून दीड वर्षापूर्वी मुलाला घेऊन इथे आलो. मी डिपेंडंट व्हिसावर आहे. गेल्या महिन्यात ह्यांना स्कूटरवर पोलिसांनी अडवलं. भारतातला परवाना दाखवला, तो चालला नाही. ५०० बाट दिले आणि सुटले, पावती नाही. आमच्या इमारतीत बरेच निवृत्त परदेशी राहतात. त्यातले एक इंग्रज काका वीस वर्षं इथे आहेत. ते म्हणतात, परवान्यामागे नोट घडी करून ठेवायची, इथे कायदा नावापुरता असतो. दुसरे एक गृहस्थ म्हणतात, पोलीस परदेशी माणसाकडे पाकीट म्हणूनच बघतात, लवकर निघा इथून. ह्यांना पहिल्याचं पटतं, आणि मला दुसऱ्याचं ऐकून झोप लागत नाही. मी घरून पाच-सहा भारतीय मुलांना डबे देते, पैसे घेते. दिवाळीत आमच्याकडे रमी आणि तीन पत्तीचा अड्डा बसतो. यंदा सासूबाईही येणार आहेत. त्या रोज फोनवर विचारतात, ‘तिथं पोलीस धरतात का गं?’ मी घाबरून राहू की बिनधास्त?

ता. क. माझ्या दिराला टेलिग्रामवर माए सोतच्या एका कंपनीकडून डेटा एंट्रीची ऑफर आली आहे. महिना एक लाख रुपये, तिकीट तेच काढणार. जाऊ द्यावं का?

उत्तर

प्रिय ताई,

ताजा कलम आधी घेते. बाकीच्या प्रश्नांना चार दिवस थांबता येईल, त्याला नाही. दिराला जाऊ देऊ नका. माए सोत हे ताक प्रांतातलं सरहद्दीवरचं शहर. मोएइ नदी ओलांडली की समोर म्यानमारचं म्यावाडी. तिथे नदीकाठी कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या आहेत, आणि थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून आणलेल्या मुलांना तिथे डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचं काम करून घेतलं जातं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना माए सोतहून परत आणावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा विमानं गेली. या जाळ्यात महाराष्ट्रातली मुलंही अडकली आहेत. मुलाखत टेलिग्रामवर, पगार कामाच्या मानाने अवाच्या सवा, तिकीट कंपनीचं आणि व्हिसाचं ‘आल्यावर बघू’, ही सगळी लक्षणं तुमच्या दोन ओळींत जवळजवळ पूर्ण आहेत.

साधा हिशेबही करून बघा. थायलंडमधल्या सर्वसाधारण कंपनीला एक परदेशी माणूस ठेवायचा तर त्याच्यामागे चार थाई कर्मचारी आणि २० लाख बाट भांडवल दाखवावं लागतं. तुमच्या मिस्टरांसाठी कारखान्याने परवानग्यांची खटपट केली, ती त्यांच्या हातात तसं कसब आहे म्हणून. डेटा एंट्रीसाठी नाशिकहून माणूस आणायची गरज तिथे कुणाला आहे? दिराला हे वाचून दाखवा, आणि एजंटाचा नंबर १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. दिरासारखाच आणखी कुणीतरी त्या नंबरशी आज बोलत असेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. इमारतीतले दोघेही गृहस्थ खोटं सांगत नाहीत. पण त्या दोघांचं ऐकून तुम्ही आयुष्य आखू नये असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण त्यांच्या आणि तुमच्या परिस्थितीत आहे.

निवृत्तीच्या व्हिसावर राहणारा माणूस पन्नाशीपुढचा असतो. त्याने बँकेत ८ लाख बाट ठेवलेले असतात किंवा दरमहा ६५ हजारांचं उत्पन्न दाखवलेलं असतं. पेन्शन मायदेशाहून येते. त्याची इथे नोकरी नाही, पोरं शाळेत नाहीत. उद्या काही बिनसलं तर तो बॅग भरून मँचेस्टरला जाईल, किंवा शेजारच्या कंबोडियात. तुमचं तसं नाही. मिस्टरांचा व्हिसा नोकरीला बांधलेला, तुमचा आणि मुलाचा मिस्टरांच्या व्हिसाला. इमिग्रेशनच्या दफ्तरी एक वाईट नोंद झाली तर चौघांचं घर हलतं, नाशिकच्या सासूबाई धरून. काकांना जी गंमत परवडते ती तुम्हाला परवडत नाही.

दुसरं म्हणजे, या मंडळींना पोलीस भेटतात ते ठरलेल्या जागी: स्कूटर अडवणाऱ्या नाक्यावर, बारच्या दाराशी, इमिग्रेशनच्या रांगेत. त्यावरून त्यांनी अख्ख्या देशाचं मत बनवलेलं असतं. वीस वर्षं राहूनही थाई वाचता येत नाही असे कितीतरी जण तिथे आहेत. त्यामुळे थाई माणूस आपल्या पोलिसांबद्दल काय बोलतो, हे त्यांच्या कानावरच येत नाही. तो खूप बोलतो, आणि चिडून बोलतो.

२०१२ मध्ये बँकॉकमध्ये रेड बुल कंपनीच्या मालक घराण्यातल्या नातवाच्या फेरारीखाली एक पोलीस हवालदार मेला. आरोपीवर अटक वॉरंट निघायला २०१७ उजाडलं, तोवर तो देशाबाहेर गेला होता. २०२० मध्ये आरोप मागे घेतल्याचं बाहेर आलं तेव्हा देशभर संतापाची लाट उसळली. २०२१ मध्ये नाखोन सावन इथल्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचा व्हिडिओ फुटला. अमली पदार्थांच्या आरोपीच्या डोक्यावर प्लास्टिकच्या पिशव्या आवळून त्याचा जीव घेतला जात होता. महागड्या गाड्यांच्या शौकामुळे या अधिकाऱ्याला लोक ‘जो फेरारी’ म्हणत. जून २०२२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २०२३ मध्ये एका खासदाराने उघड केलं की ठरावीक स्टिकर काचेवर लावलेले जादा मालाचे ट्रक पोलीस अडवत नाहीत, त्या स्टिकरचे महिन्याचे पैसे असतात. या तिन्ही ठिकाणी मेला तो थाई माणूस, लुबाडला गेला तो थाई ट्रकवाला, आणि आवाज उठवला तोही थाई लोकांनीच.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. अल्पवयीन आरोपीला निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, आणि अख्खा महाराष्ट्र पेटून उठला. तेव्हा पुण्यात राहणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाने ‘इथे कायदा नावापुरता असतो’ असं हसत म्हटलं असतं तर आपल्याला लागलं असतं. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या भ्रष्टाचारविषयक यादीत भारत ९६ वा आहे, थायलंड १०७ वा. नाक मुरडावं इतकं अंतर दोघांत नाही.

म्हणून तुमच्या ‘घाबरू की बिनधास्त’ला माझं उत्तर असं की पोलिसांची धास्ती सोडा, पण नियम मोडायची सवय सोडायला आजपासून लागा. थायलंडमध्ये पुष्कळ नियम वर्षानुवर्षं कुणी बजावत नाही. मग एक दिवस तक्रार येते, किंवा वर्तमानपत्रात बातमी येते, किंवा वरून मोहिमेचा आदेश येतो, आणि तोच नियम पूर्ण ताकदीने अंमलात येतो. ज्याने मधली वर्षं पाहून ‘इथे चालतं’ असं ठरवलेलं असतं तो नेमका त्या दिवशी सापडतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण तुमच्यापासून जवळच, पट्टायात घडलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये जोमतिएनला ब्रिज या पत्त्यांच्या खेळाच्या एका क्लबवर पोलिसांनी धाड घातली आणि ३२ परदेशी लोकांना ठाण्यात नेलं. बहुतेक पेन्शनर. त्यांत ८४ वर्षांच्या एक आजीही होत्या. पैशांचा खेळ नव्हता असं ते सांगत होते. पण थायलंडच्या पत्त्यांविषयीच्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय एका माणसाजवळ १२० पेक्षा जास्त पत्ते असणं हाच गुन्हा. माणशी ५,००० बाट जामिनावर मंडळी सुटली तेव्हा बराच उशीर झाला होता. तो क्लब काही लपूनछपून चालत नव्हता. कुणीतरी कळवलं, इतकंच झालं.

आता तुमचा दिवाळीचा अड्डा या उजेडात बघा. रमीला तीन कॅट लावलेत की १५६ पत्ते झाले. तीन पत्तीत पैसे ठेवलेत की १९३५ चा जुगाराचा कायदा लागला, मग डाव दहा बाटचा असो की हजाराचा. मे २०२३ मध्ये पट्टायातल्या एका हॉटेलात मोठ्या जुगारावर धाड पडली आणि पकडलेल्यांत बहुतेक भारतीय निघाले. त्यानंतर रात्री उशिरापर्यंत आरडाओरडा करत पत्ते खेळणारा भारतीयांचा घोळका शेजाऱ्याला कसा दिसेल, याचा विचार करा. यंदा पैसे लावून पत्ते नकोत. मुलं हिरमुसतील, पण फराळ आहे, कॅरम आहे, अंताक्षरी आहे, आणि सासूबाई आल्यात म्हणजे पुरणपोळीही होईल.

त्या अड्ड्यावर येणाऱ्या पोरांपैकी कुणी व्हेप ओढत असेल तर त्यालाही सांगा. ई-सिगारेट आणणं आणि विकणं थायलंडमध्ये दहा वर्षांहून जास्त काळ बंद आहे, आणि ती जवळ सापडली तरी प्रकरण होतं. रस्त्यावर उघड्या विकायला दिसतात, त्यामुळे कुणाचा विश्वास बसत नाही. जानेवारी २०२३ मध्ये बँकॉकच्या हुआय ख्वांग भागात रात्रीच्या नाकाबंदीत एका तैवानी अभिनेत्रीकडून व्हेपच्या निमित्ताने २७ हजार बाट उकळल्याचं बाहेर आलं. आधी नाकारलं गेलं, मग पोलिसांवरच गुन्हे दाखल झाले. मी हे पोलिसांची बाजू घ्यायला सांगत नाही, त्यांनी केलं ते उघड लूट होतं. पण ज्याच्या खिशात मोडलेला नियम असतो त्याच्यावरच हात टाकणं सोपं जातं, आणि तुमचे मिस्टर परवान्याविना स्कूटर चालवताना नेमके त्याच जागी उभे होते.

तेव्हा परवान्याचं आधी करा. आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना थायलंडमध्ये चालतो, मात्र तो वर्षापुरताच असतो आणि त्यावर दुचाकीचा वर्ग नोंदलेला असावा लागतो. तुम्ही तर तिथे राहता, नोकरी करता. थाई परवानाच काढावा. पासपोर्ट, व्हिसा, पत्त्याचा पुरावा म्हणून वर्क परमिट किंवा इमिग्रेशनचा दाखला, डॉक्टरचं प्रमाणपत्र एवढी कागदपत्रं घेऊन परिवहन खात्याच्या कार्यालयात जायचं. रंग ओळखणं, ब्रेक किती चटकन दाबता, अंतराचा अंदाज अशा चाचण्या होतात. भारतीय परवाना किती उपयोगी पडेल आणि लेखी परीक्षा लागेल का, हे त्या त्या कार्यालयात विचारून जा. मोटार आणि दुचाकी यांचे परवाने वेगळे. पहिला दोन वर्षांचा, नंतरचा पाच वर्षांचा. कारखान्यातल्या एखाद्या थाई सहकाऱ्याला बरोबर न्यावं, सकाळी लवकर पोचावं, काम होतं.

आणि यात पोलिसांपेक्षा मोठी गोष्ट अपघाताची आहे. थायलंडच्या रस्त्यांवर दरवर्षी हजारो माणसं मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने लाख लोकसंख्येमागे पंचवीसच्या आसपास, आणि त्यात दुचाकीवाले सर्वांत जास्त. परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. खासगी इस्पितळाचं बिल पाहिलं की ५०० बाट आठवणारही नाहीत. मुलाला पुढे उभं करून शाळेत सोडत असाल तर त्याच्या मापाचं हेल्मेट आजच आणा. हेल्मेटचा दंड २०२२ पासून २,००० बाटपर्यंत गेला आहे. जानेवारी २०२३ पासून परवान्यावर १२ गुण असतात, ते संपले की ९० दिवस गाडी बंद. दारू पिऊन गाडी चालवली तर कैदेची तरतूद आहे. नव्या परवानाधारकाला मर्यादाही कमी, १०० मिलिलिटर रक्तात फक्त २० मिलिग्रॅम. म्हणजे एक बिअरसुद्धा नको.

परवान्यामागच्या नोटेबद्दल मी अगदी स्पष्ट बोलते. थायलंडच्या दंडसंहितेत लाच देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. घडी केलेली नोट तुम्ही पुढे केलीत की मागणाऱ्याचा गुन्हा तुमच्या अंगावर आला. समोरचा हवालदार प्रामाणिक निघाला, किंवा कुणी मोबाइलवर चित्रण करत असलं, तर मिस्टरांची नोकरी गेली समजा. त्यापेक्षा अडवल्यावर गाडी बाजूला घ्यावी, हेल्मेट काढावं, हात जोडून नमस्कार करावा, कागद दाखवावेत. चूक असेल तर शांतपणे ‘बाय सांग’ मागावा, म्हणजे दंडाची चिठ्ठी. ती पोलीस ठाण्यात किंवा ऑनलाइन भरता येते. पैसे भरले की ‘बाय सेत’, म्हणजे पावती. शेवटी मिस्टरांनी ‘ख्रप’ म्हणावं, तुम्ही ‘खा’. एवढ्या चार शब्दांनी बोलण्याचा सूर पालटतो, आणि वेळ जायला तयार असलेल्या माणसाकडे हात पसरायला नाक्यावरचा हवालदार सहसा कंटाळतो.

आवाज मात्र चढू देऊ नये. आपल्याकडे पोलिसाशी हुज्जत घालणं हा बोलण्याचाच भाग असतो. तिथे चारचौघांत आवाज चढवला की समोरच्याची इज्जत गेली, आणि मग सुटणारी गाठही घट्ट बसते. ज्यांनी रागाने बोट नाचवलं त्यांना ठाण्यात बसून राहावं लागलं, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत.

आता डबे. ताई, मला तुमचं कौतुक वाटतं, आणि हे लिहिताना वाईटही वाटतं, पण डबे थांबवा. डिपेंडंट व्हिसावर पैसे घेऊन काम करणं म्हणजे वर्क परमिटशिवाय काम करणं, स्वयंपाकघर तुमच्याच घरात असलं तरी. २०१७ चा परदेशी कामगारांविषयीचा हुकूम आणि त्यातली २०१८ ची दुरुस्ती यांनुसार ५,००० ते ५०,००० बाट दंड, मायदेशी रवानगी, आणि पुढची दोन वर्षं वर्क परमिट नाही. दोन बॅचलरांना सकाळी पोळी-भाजी दिली म्हणून कोण येतंय, असं तुम्हाला वाटेल. एरवी कुणी येणारही नाही. पण गावात भाडं, कर आणि थाई कामगारांचे पगार भरून भारतीय हॉटेल चालवणारा कुणी असेलच. त्याचं गिऱ्हाईक तुमच्याकडे वळलं तर तक्रारीचा फोन तोच करेल, आणि त्याच्या जागी राहून बघितलं तर त्याचंही फार चुकलं असं म्हणता येणार नाही. काम करायचंच असेल तर अशाच एखाद्या हॉटेलवाल्याशी बोला. तो तुम्हाला नोकरीवर घेऊन व्हिसा बदलून वर्क परमिट काढून देत असेल तर उत्तम. तोवर ती पोरं रविवारी पाहुणी म्हणून पिठलं-भाकरी खायला येऊ देत, त्याला कुणाची हरकत नाही.

हाच नियम पुण्या-मुंबईच्या सहलींना शनिवार-रविवारी पट्टाया दाखवून चार पैसे मिळवणाऱ्यांनाही लागू आहे. गाइडचं काम तर थाई नागरिकांसाठीच राखून ठेवलेलं आहे, त्यासाठी परदेशी माणसाला परमिट मिळतच नाही.

कागदपत्रांचं झटपट सांगते. परदेशी माणूस घरात राहायला आला की चोवीस तासांत घरमालकाने इमिग्रेशनला कळवायचं असतं, त्याला तिथे सगळे टीएम ३० म्हणतात. तुमची नोंद झाली आहे का, हे घरमालकाला विचारा, आणि सासूबाई आल्या की त्यांचीही करायला सांगा. हे बहुतेक जण विसरतात. सलग ९० दिवस देशात राहिलात की पत्त्याचा अहवाल द्यायचा. उशीर झाला आणि आपणहून गेलात तर २,००० बाट दंड. दिवाळीनंतर नाशिकला जाणार असाल तर निघण्यापूर्वी री-एंट्री परमिट काढा, नाहीतर वर्षाचा व्हिसा विमानतळावरच संपतो. व्हिसाची मुदत उलटली तर दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००. मात्र मुदत उलटलेल्या अवस्थेत पकडले गेलात तर पाच वर्षं प्रवेशबंदी. या तारखा तुमच्या स्वतःच्या वहीत हव्यात. कंपनीची एजंट बाई सगळं बघते म्हणून निर्धास्त राहू नका, दंड तिच्या पासपोर्टवर लागत नाही.

बोलण्या-लिहिण्याबद्दल थोडं. थायलंडमध्ये बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. २०२० मध्ये को चांग बेटावरच्या एका रिसॉर्टबद्दल इंटरनेटवर वाईट अभिप्राय लिहिणाऱ्या अमेरिकन माणसाला अटक झाली. सुरुवात झाली होती स्वतःची जिनची बाटली आणल्याबद्दल मागितलेल्या ५०० बाटवरून. तेव्हा त्या हवालदाराचा फोटो नावासकट फेसबुकवर टाकायचा विचार मनात असेल तर काढून टाका. चित्रण जवळ ठेवा, तक्रार करायची तर योग्य ठिकाणी करा. राजघराण्याविषयी तर थट्टेतही बोलू नका, कलम ११२ खाली प्रत्येक आरोपाला ३ ते १५ वर्षं आहेत. २००७ मध्ये चियांग माईत राजाच्या छायाचित्रांवर रंग फासणाऱ्या स्विस माणसाला १० वर्षांची शिक्षा झाली होती, पुढे राजाने माफ केलं म्हणून तो सुटला. मुलालाही समजावून ठेवा: सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत लागलं की सगळे थांबतात, आपणही थांबायचं.

सासूबाईंना खुशाल बोलवा. त्यांच्या प्रवेशाचे नियम भारतीयांसाठी गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून तिकिटाआधी थाई वकिलातीचं संकेतस्थळ बघा. मे २०२५ पासून येण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं, ते तुम्हीच भरून द्या. झोपेच्या किंवा जबर वेदनाशामक गोळ्या घेत असतील तर महिन्याभराच्याच आणाव्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. काहींना आधी परवानगीही लागते. पट्टायाच्या किनाऱ्यावर जाताना गळ्यातलं सोनं घरी ठेवायला सांगा. तिथे भारतीय पर्यटकांच्या साखळ्या ओढून नेल्याच्या बातम्या सारख्या येतात. आणि परतताना कुणी कितीही ओळखीचा असला तरी त्याचं पार्सल बॅगेत घेऊ नये. थायलंडने २०२२ मध्ये गांजावरची बंदी उठवली आणि २०२५ मध्ये तो पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरता आणला. या काळात बँकॉकहून मुंबईला उतरलेल्या प्रवाशांच्या बॅगांत गांजा सापडण्याची प्रकरणं फार वाढली. भारतात त्याला वर्षानुवर्षांची कैद आहे.

त्यांना नेण्यासारखं एक ठिकाण सुचवते. बँकॉकच्या हुआय ख्वांग चौकातल्या गणपतीला थाई माणसंच नवस बोलतात, झेंडूच्या माळा घालतात. सासूबाईंना ते बघून बरं वाटेल. तुम्हालाही थाई माणूस गणवेशाशिवाय, शेजारी उभा राहून हात जोडताना दिसेल. काकांच्या गप्पांतून तो दिसत नाही. इमारतीचा रखवालदार, सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी बसणारे नारिंगी जाकिटातले मोटारसायकलवाले, मुलाच्या वर्गशिक्षिका यांच्याशी मोडकंतोडकं थाई बोलायला लागा. अडचणीच्या रात्री ठाण्यात तुमच्यासाठी बोलणारं माणूस यांच्यातूनच मिळेल.

आणि खरंच कधी धरलंच तर. इंग्रजीतून बोलायला पर्यटक पोलिसांचा ११५५ आहे, तिथे राहणाऱ्या परदेशी माणसांनाही तो चालतो. एरवी पोलीस १९१, रुग्णवाहिका १६६९. अटक झाल्यास नातेवाइकाला कळवण्याचा, वकिलाशी एकांतात बोलण्याचा आणि दुभाषा मिळण्याचा हक्क थाई कायद्यातच आहे. भारतीय वकिलातीला कळवा असंही सांगता येतं. साधारणपणे ४८ तासांत न्यायालयापुढे उभं करावं लागतं. २०२३ पासून अटकेचं सलग चित्रण करणंही पोलिसांना बंधनकारक आहे, ‘जो फेरारी’ प्रकरणानंतर त्या कायद्याला जोर आला. थाईतल्या कुठल्याही कागदावर समजल्याशिवाय सही करू नका, ‘फक्त दंडाची पावती आहे’ असं सांगितलं तरी. भारतीय वकिलात बँकॉकला सुखुमवित सोई २३ वर आहे. तिचा आणीबाणीचा नंबर आणि मिस्टरांच्या कंपनीतल्या एचआरचा रात्री उचलला जाणारा नंबर, दोन्ही दोघांच्या मोबाइलमध्ये आणि घरात फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा.